लोगॉस, शब्द आणि वेशीबाहेरची माणसे

मराठीत ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की दोन नावे हमखास पुढे येतात. एक फादर थॉमस स्टीफन्स यांचे आणि दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. स्टीफन्सने बायबलाची कथा ओवीत सांगितली, टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला, म्हणून दोघांच्याही कार्याला 'ख्रिस्ती धर्माचे भारतीयीकरण' असे गौरवाने म्हटले जाते. यावर कोणी शंका घेतलीच तर त्याला गप्प करायला एक दाखला ठेवणीत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती आचार्यांनी ग्रीकांचा प्लेटो घेतला, स्टोइकांची नीती घेतली आणि एका ज्यू सुताराच्या शिकवणुकीला तत्त्वज्ञानाचा देह दिला. मग आमच्याकडच्या ख्रिस्ती पंडितांनी वेदान्त किंवा भक्ती घेतली तर वावगे काय?

दाखला खरा आहे. वावगे काय, याचे उत्तरही त्याच दाखल्यात आहे. परंतु दाखला देणारे तो अर्धाच वाचतात. ग्रीक तत्त्वज्ञान ख्रिस्ती मंडळीत शिरले तेव्हा आत कोण बसले होते, आणि तत्त्वज्ञान आल्यावर ती माणसे कोणत्या रांगेत गेली, हा राहिलेला अर्धा भाग आहे. आमच्या कामाचा तोच आहे.

सेल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने इसवी सन १७८ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. पण सुमारे सत्तर वर्षांनी ऑरिजेनने त्याचे खंडन लिहिताना त्यातले उतारेच्या उतारे दिले, म्हणून सेल्सस आज आपल्याला वाचता येतो. त्याचे तात्त्विक आक्षेप आहेतच. त्याचा खरा संताप मात्र निराळ्याच गोष्टीवर आहे. लोकर पिंजणारे, चांभार, परीट, खेडवळ निरक्षर लोक घराघरांत शिरतात. मालकासमोर किंवा शहाण्यासुरत्या वडीलधाऱ्यांसमोर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, पण पोरेबाळे आणि बायका एकट्या सापडल्या की त्यांना सांगतात, बापाचे ऐकू नका, मास्तराचे ऐकू नका, खरे शिकायचे असेल तर आमच्याबरोबर चांभाराच्या दुकानात चला. येशू स्वतः सुतार होता यावरही सेल्सस कोपरखळी मारून घेतो.

दलित वाचकाला हा सूर ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. १८४८ नंतर पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांविषयी जे बोलले गेले त्याची जात हीच. विद्या चांभाराच्या दुकानात मिळते म्हणजे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला विद्येची काळजी नसते, दुकानाची असते.

सेल्ससला दोन उत्तरे देता येत होती. पहिले असे: होय, आम्ही चांभार-परीटच आहोत, आणि देवाने आम्हालाच बोलावले. पॉलने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. तुमच्यात ज्ञानी, बलवान, कुलीन असे फारसे कोणी नाहीत, हे तो लपवीत नाही. त्याचाच आधार घेतो. दुसरे उत्तर असे: आमच्यातही विद्वान आहेत, आणि प्लेटोने जे सांगितले त्याच्या पुढचेच आम्ही सांगतो. ऑरिजेनने दोन्ही उत्तरे दिली. पुढच्या इतिहासाने त्यातले दुसरे उचलले.

हे एका दिवसात घडले नाही. सेल्ससच्या थोडा आधी जस्टिन होऊन गेला. सामरियातल्या, आजच्या नाब्लुस शहराच्या जागी असलेल्या गावचा हा माणूस. तत्त्वज्ञान शिकण्यासाठी तो गुरूमागून गुरू करीत हिंडला, त्याची हकिगत त्याने स्वतः लिहिली आहे. ॲरिस्टॉटलच्या पंथातल्या गुरूने पहिल्या काही दिवसांतच फीचा विषय काढला. पायथागोरसच्या पंथातल्या गुरूने विचारले, संगीत, ज्योतिष आणि भूमिती शिकून आलास काय? नसशील तर चालता हो. आमच्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत त्यांनी ही दोन्ही दारे पाहिलेली आहेत: एक फीचे, दुसरे 'पूर्वतयारी'चे. शेवटी जस्टिनला समुद्रकाठी भेटलेल्या एका म्हाताऱ्याने वाट दाखवली. तरीही ख्रिस्ती झाल्यावर त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. १६५ च्या सुमारास रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

जस्टिनचा सिद्धान्त असा की लोगॉस, म्हणजे विश्वाला धरून ठेवणारी विवेकशक्ती, प्रत्येक माणसात बीजरूपाने आहे. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस हे ख्रिस्ताच्या आधी होऊनही ख्रिस्तीच होते. पुढच्या सर्व पुलांचा पाया हाच. आमच्याकडचे 'भारतीयीकरण'वाले जस्टिनचे एवढेच वाक्य सांगतात. पण तोच जस्टिन पुढे म्हणतो की सॉक्रेटिसच्या मतासाठी मरायला कोणी तयार झाला नाही, आणि ख्रिस्तासाठी मात्र हातावर पोट असलेले कारागीर आणि अक्षरशत्रू माणसेही मृत्यूची भीती सोडून उभी राहिली. जस्टिनच्या हातात तत्त्वज्ञान अजून कारागिरांच्या बाजूने साक्ष देत होते.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटकडे आल्यावर पारडे कलू लागते. यहुद्यांना जसे नियमशास्त्र तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान. दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे 'पेडागोगस', असे तो म्हणतो. हा शब्द आपण 'शिक्षक' असा वाचतो, आणि तेथेच फसतो. ग्रीक घरांतला पेडागोगस म्हणजे बहुधा गुलाम. मालकाच्या मुलाला हाताला धरून शाळेत पोचवायचे, त्याची पाटी-पुस्तके वाहायची, वाटेत तो वांडपणा करू नये म्हणून लक्ष ठेवायचे, एवढे त्याचे काम. शिकायचे ते मुलाने. म्हणजे ज्या उपमेवर क्लेमेंटचा सारा समन्वय उभा आहे ती उपमा शाळेच्या दाराशी थांबलेल्या एका गुलामाची आहे. तत्त्वज्ञानाला त्या गुलामाची जागा मिळाली. गुलामाला काय मिळाले, हे क्लेमेंट सांगत नाही.

(जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. याच क्लेमेंटने आपल्या 'स्ट्रोमाटेइस' या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणुकीने चालणाऱ्या भारतीयांचा उल्लेख केला आहे. अलेक्झांड्रियाला बुद्धाचे नाव ठाऊक होते. आणि इकडे आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्याच लेण्यात दरवाजा घडवणारा वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचेही नाव आहे. त्या वास्तूत सुताराच्या आणि यवनाच्या नावासाठी एकच दगड चालला. ग्रीक जगाशी आलेल्या आमच्या संबंधाचा हा नमुना 'पूल' बांधणाऱ्या पंडितांच्या नजरेतून सुटावा, याचे नवल वाटत नाही.)

आता लोगॉस या शब्दाकडे वळू. ग्रीक भाषेत त्याला हिशेब, तर्क, बोलणे, कारण, सृष्टीचा नियम असे अनेक अर्थ आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत तो आला, आणि मराठी बायबलात त्याचा 'शब्द' झाला. भाषांतर म्हणून चूक म्हणता येणार नाही. पण मराठीत 'शब्द' एकटा येत नाही. त्याच्यामागे शब्दब्रह्म येते, शब्दप्रामाण्य येते. गौतम धर्मसूत्रात ज्याच्या श्रवणाबद्दल शूद्राच्या कानात शिसे-लाख ओतायला सांगितले आहे तोही शब्दच. जस्टिनचा लोगॉस प्रत्येक माणसात बीजरूपाने असतो. वैदिक परंपरेतला शब्द प्रत्येकाच्या कानावरही पडता कामा नये. लोगॉसमधला विवेक गळून मराठीत उरला तो शब्द, आणि शब्दप्रामाण्याविरुद्ध तर फुले-आंबेडकरांची सारी झुंज. ज्या महार-मांगांनी ख्रिस्ताच्या नावाने पहिल्यांदा अक्षर गिरवले, त्यांच्या हाती पडलेला हा शब्द नेमका कोणता होता, याचा विचार मराठी ख्रिस्ती पंडितांनी केलेला माझ्या वाचनात नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. ३२५ साली निकाया येथे धर्मपरिषद भरली (२०२५ मध्ये तिला १७०० वर्षे झाली) आणि पिता-पुत्र 'एकाच तत्त्वाचे' आहेत हे सांगण्यासाठी जो ग्रीक शब्द श्रद्धासूत्रात घातला गेला तो बायबलात कोठेच नाही. तो तत्त्वज्ञांच्या कोठीतला आहे. त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास गांग्रा येथील परिषदेने ठरवले की धर्माच्या नावाखाली गुलामाला मालकाविरुद्ध चिथावणारा शापित होय. चांभाराच्या दुकानात चला म्हणणारी मंडळी दोनशे वर्षांच्या आत येथवर आली.

याचा दोष सरसकट ग्रीक तत्त्वज्ञानावर टाकणे सोपे आहे. ते खरे नाही. ओनेसिम या गुलामाला पॉलनेच फिलेमोनकडे परत धाडले होते. दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून त्याला घे अशी विनवणी केली, पण धाडले. उलट, ३८० च्या आसपास न्यिसाच्या ग्रेगरीने उपदेशक या पुस्तकावरील प्रवचनात गुलाम विकत घेणाऱ्याला थेट विचारले की देवाच्या प्रतिमेची किंमत तू किती ठरवलीस. प्राचीन जगात गुलामीच्या मुळावरच घाव घालणारे इतके स्पष्ट प्रवचन क्वचितच सापडेल, आणि ते देणारा ग्रेगरी प्लेटोच्या विचारात आकंठ बुडालेला होता. तेव्हा प्लेटो वाचला की माणूस गुलामांचा वैरी होतो असे म्हणता येणार नाही. ऑगस्टिनही माणूस निसर्गतः गुलाम नाही असेच म्हणतो आणि ॲरिस्टॉटलचे मत झुगारतो. मात्र लगेच पुढे तो म्हणतो की गुलामी हे पापाचे फळ आहे, देवाच्या न्यायाने आलेले आहे. पूर्वजन्माचा उल्लेख तेवढा नाही. बाकी हा युक्तिवाद आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. ग्रेगरीचे प्रवचन प्रवचनच राहिले, त्याचा कायदा कोणत्याही परिषदेने केला नाही. ऑगस्टिनचे वचन मात्र मालकांच्या कामी शतकानुशतके आले.

ग्रीकांकडून चर्चने जे सर्वांत खोलवर घेतले ते हे की स्वातंत्र्य आत्म्याचे असते. एपिक्टेटस हा स्टोइक स्वतः गुलाम होता. बेड्या पायाला आहेत, इच्छेला नाहीत, असा त्याचा उपदेश. गुलामाने स्वतःला सावरण्यासाठी म्हटले तर ते धैर्य आहे. मालकाच्या वेदीवरून गुलामाला ऐकवले जाते तेव्हा त्याचा अर्थ बदलतो.

ही सारी शिदोरी घेऊन मग 'क्रिस्तपुराण' उघडावे. स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्याचा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला. त्याची मराठीवरची माया खरी आहे, आणि ओवीवरची हुकमत थक्क करणारी आहे. पण ग्रंथाची चौकट पाहा. जुनी पुराणे गेली, आता आम्हाला दुसरे पुराण द्या, अशी मागणी करणारा श्रोता कोण? बाटलेला ब्राह्मण. पुराण सांगणारा उच्चासनावर, ऐकणारा ब्राह्मण. जमीन नांगरणारा, मासे मारणारा, मेलेले ढोर ओढणारा गोवेकर या संवादात नाही. पुढे गोव्याच्या चर्चमध्ये बामण, चारडो, सुदीर हे भेद नांदले, धर्मबंधूंच्या मंडळ्या जातवार झाल्या. ते स्टीफन्समुळे झाले असे मी म्हणत नाही. पुराणाचा साचा घेताना साच्याबरोबर श्रोत्याची जागाही आली, एवढेच म्हणतो.

नीळकंठशास्त्री गोरे यांनी 'षड्‌दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांचे खंडन केले, म्हणून ते समन्वयवाद्यांपेक्षा वेगळे दिसतात. परंतु खंडनासाठीही दर्शनेच हवी होती. ज्याला दर्शनच वर्ज्य होते त्याच्याशी त्यांचा वाद नव्हता, कारण त्याला प्रतिपक्षाचीही योग्यता नव्हती.

टिळकांचे प्रकरण इतके सोपे नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती उपदेशक घडवण्याच्या कामात राहिला, त्याने 'ज्ञानोदया'त लिहिले आणि 'ख्रिस्तायन' अपुरे ठेवून १९१९ साली गेला. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. शंकराचार्यांना सोडून त्यांनी एका कुणबी वाण्याचा हात धरला, याचे मोल मान्य केले पाहिजे. स्टीफन्सच्या ब्राह्मण श्रोत्यापेक्षा हे पाऊल पुढचे आहे. टिळकांच्या अभंगांत देव आई होतो, लेकरू होतो. त्यातला ओलावा खोटा नाही. तरीही त्या कवितेत ख्रिस्त हा अंतरीचा सखा राहतो. त्याच नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळीत बसणारी बहुसंख्य माणसे महार-मांग होती. पाणवठ्यावरचा त्यांचा प्रश्न अभंगात उतरत नाही. तो उतरला लक्ष्मीबाईंच्या गद्यात. स्पर्शास्पर्श आपल्या हातातून, जिभेवरून कसा कसा सुटला याची जी कबुली 'स्मृतिचित्रां'त आहे ती कोणत्याही तत्त्वज्ञानाचा आधार घेत नाही, म्हणूनच पटते.

चिखली गावाच्या अंगाने इंद्रायणी वाहते. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. तुकारामाचा पूल आमच्या दाराशीच आहे म्हणा ना. तळवडे-चाकणच्या कारखान्यांत पाळी करून वर्गात येणारी मुले मी शिकवतो. मराठवाड्यातली, नगरकडची. त्यातल्या एकाचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, मूळचे मांग. जस्टिन आणि क्लेमेंटचा भाग शिकवून झाल्यावर त्याने विचारले, "सर, ग्रीकांकडे तत्त्वज्ञान होते, टिळकांकडे तुकाराम होता. आमच्या पणज्याकडे काय होते? त्याला कोणत्या पुलावरून आणले?"

त्याच्या पणज्याकडे दोर वळण्याची विद्या होती, वाजप होते, गावाची शीव कोठून कोठे जाते याची आठवण होती. आणि त्याने ऐकलेल्या येशूच्या दृष्टान्तांत पेरणारा होता, हरवलेले नाणे शोधणारी घर झाडणारी बाई होती, संध्याकाळच्या तासाला कामावर लावलेले मजूर होते. या दोहोंमध्ये पुलाची गरजच नव्हती. पूल लागला तो पलीकडच्या तीरावरून येणाऱ्यांना, आणि मग त्यांनी सर्वांना त्याच पुलावरून चालायला लावले.

एका व्यक्तीने मात्र हा पूल मोडायचे ठरवले होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'च्या अंकांतून (१८८५) त्यांची बाजू घेतली. जोतीरावांनी स्वतः ख्रिस्ताला 'गुलामगिरी'त दुसरा बळीराजा म्हटले होते. लोगॉस, त्रैक्य, अवतार यांपैकी काहीही न घेता त्यांनी ख्रिस्ताला थेट शेतकऱ्याच्या राजाशेजारी बसवले. एवढे स्वतंत्र ख्रिस्तचिंतन मराठीत दुसरे झालेले नाही. इंग्लंडात रमाबाईंचे भांडण लगेच सुरू झाले. निकायानंतरच्या ग्रीक-लॅटिन परिभाषेत बांधलेली त्रैक्याची सूत्रे आंधळेपणाने म्हणायला त्यांनी नकार दिला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद तपशिलाने वाचायला मिळतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. येथे आमच्यासारख्याला वाटते, बाई, संस्कृत तरी कशाला?

याचे उत्तर त्यांनी केडगावला दिले. मुक्तिसदनात दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या. त्यांना वाचता येईल असे बायबल नाही म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. संस्कृत काव्याच्या जोरावर 'पंडिता' झालेल्या बाईने पंडिती शब्द गाळायचे हे व्रत घेतले. त्या कामात अठरा-एक वर्षे गेली. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्या मुलीच. १९२२ साली रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. वाङ्मयाच्या इतिहासकारांना ते रुक्ष वाटते, आणि काही ठिकाणी ते आहेही, वाक्ये अडखळतात. पण छापखान्यातल्या अनाथ मुलीला समोर ठेवून ग्रीक भाषेशी झटापट करणारे मराठीतले हे काम टिळकांच्या अभंगांइतके वाचले गेले नाही. समीक्षेची फूटपट्टी कोणाच्या हातात होती, ते यावरून कळते.

१९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी 'शूद्र ईशज्ञाना'ची मागणी करणारे व्याख्यान दिले. भारतातले बहुतेक ख्रिस्ती दलित, आणि भारतीय ख्रिस्ती ईशज्ञान मात्र अद्वैताच्या खलात कुटलेले, ही विसंगती त्यांनी उघडी केली. दलित ईशज्ञान नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. निर्मळांच्या आधी ही दिशा बाबासाहेबांनी दाखवली होती. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात त्यांनी चातुर्वर्ण्याबरोबर प्लेटोच्या 'रिपब्लिक'चीही झडती घेतली आहे: माणसांची दोन-तीन ठरावीक वर्गांत वाटणी करणारा प्लेटो माणसाचे वैविध्य ओळखत नाही. आणि धर्मांतरित ख्रिश्चनांवरील त्यांच्या निबंधांत त्यांनी मिशनऱ्यांना विचारले आहे की जात घेऊन आलेल्या माणसाची जात तुम्ही का काढली नाही. निर्मळांच्या विवेचनावर माझा एकच आक्षेप आहे. दलिताचा देव हा 'सेवक' देव आहे, या कल्पनेवर त्यांनी फार भार दिला. सेवा ज्याच्या माथी वतन म्हणून मारली गेली त्याला देवही सेवकच दाखवावा, हे मला पचत नाही. येथे एपिक्टेटसचा दरवाजा पुन्हा किलकिला होतो.

या चर्चेला व्यवहाराची धार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार-मांग बाहेर राहिला. कारण काय, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही. ख्रिस्ताच्या ठायी दास-स्वतंत्र हा भेद नाही, हे पॉलचे आध्यात्मिक वचन शासनाने समाजशास्त्र म्हणून वाचले, आणि आत्म्याची समता दाखवून देहाचा हक्क काढून घेतला. २०२२ साली या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला.

आमच्या दलित साहित्याच्या चर्चेतही ख्रिस्ती दलित असाच बाहेर राहिला आहे. १९५६ नंतर आम्हाला तो परक्या घरचा वाटू लागला, आणि मिशनने त्याला आपल्या घरात ओसरीवर ठेवले. नगर, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांत अनेक घरांतून जुन्या भजनांच्या वह्या, कीर्तनाची आख्याने, आजोबांनी लिहिलेली उपदेशाची टिपणे ट्रंकेत पडून आहेत. मिशनच्या अहवालांत आहे तो मिशनऱ्यांचा आवाज. या वह्यांत आहे तो त्या माणसांचा. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. उतरवून काढावे, आणि कोणत्या गावचे, कोणी लिहिलेले, कोणत्या चालीवर म्हणत, हे सोबत नोंदवून या त्रैमासिकाकडे पाठवावे.